चौथे सड

डेअरीच्या व्यवस्थापनाचे म्हणणे असे आहे, की बाहेरून आणलेल्या कामगारांच्या निष्काळजीपणामुळे एका उत्तम दुभत्या गाईचे एक सड कायमचे निकामी झाले. वाक्य गुळगुळीत आहे. हात फिरवला तर कुठे खरखर लागत नाही, आणि म्हणूनच त्याला जरा नख लावून पाहिले पाहिजे.

'बाहेरून आणलेल्या' हे खरे. मात्र आणले कोणी, हे सांगण्याचे वाक्याने मोठ्या शिताफीने टाळले आहे. 'कामगारांच्या' हे अर्धेच खरे. कारण ज्या हातांवर ठपका आला, ते हात कुठल्याही हजेरीपटावर नव्हते. त्यांना पगार नव्हता, सुटी नव्हती, रबरी हातमोजेही नव्हते. सड निकामी झाले हे मात्र पूर्ण खरे, आणि ते झाकण्यात काही हशील नाही. उरतो तो निष्काळजीपणा. तपास करण्याचा कंटाळा आला, की हा शब्द न बोलावता येऊन खुर्चीत बसतो. या कुटुंबात दोष पुष्कळ होते. नवरा हट्टी होता, सासू घुमी होती, आणि थोरली खोटे बोलू शकत असे, तेही चांगले सफाईदार. परंतु निष्काळजीपणा करायला मनाची जी एक ऐसपैस बैठक लागते, ती त्यांच्यापैकी कोणाला जन्मात लाभली नव्हती.

थोरली म्हणजे त्या घरातली मोठी सून. धाकटा दीर बायकोला घेऊन केव्हाच सासुरवाडीला जाऊन राहिला होता. घरात धाकटी कोणी उरली नव्हती, तरी हिचे थोरलेपण काही सुटले नाही. ती, तिचा नवरा, सासू आणि बारकी म्हणून हाक मारली जाणारी लहानगी लेक, एवढाच संसार. दारात जनावरे होती म्हणून तो चालला होता.

त्या वर्षी गावाचे गायरान कुंपणात गेले. आधी खांब आले, मग तार आली, मग तारेपलीकडून इकडे बघत बसणारा एक पगारी माणूस आला. गवत आत, जनावरे बाहेर. उन्हे तापायच्या आतच लोकांनी दावणी मोकळ्या करायला सुरुवात केली. थोरलीच्या दारातली गुरेही एकेक करून गेली, आणि शेवटी राहिली ती तांबू. रंगाने भाजलेल्या विटेसारखी, दुसऱ्या वेताला गाभण, आणि स्वभावाने थेट सासूवर गेलेली: आपल्या माणसाखेरीज कोणाला अंगाला हात लावू देत नसे.

तिला बघायला दूरच्या शहरातल्या एका मोठ्या डेअरीचा मुकादम आला. मूळचा तो याच मुलखातला, पण पोट भरायला तिकडे गेलेला; बोली तीच राहिली होती, कपडे बदलले होते. त्याने कासेला हात लावायला आणि तांबूने पाय उचलायला एकच गाठ पडली.

"मावशी, गाय झकास आहे," धोतरावरचे शेण... नव्हे, पाटलोणीवरचे शेण झटकत तो म्हणाला, "पण हिला पाय जरा जास्तच आहेत."

"चारच आहेत," सासू म्हणाली. "तुम्ही मागून गेलात."

मुकादम हसला. गाय त्याच्या मनात भरली होती, आणि तिची धार काढायला तिकडे कोणी धजणार नाही हेही त्याला कळून चुकले होते. मग तो उंबऱ्यावर बसून हिशेबी आवाजात म्हणाला, "असं करू. गाईबरोबर तुम्हीही चला. दादांना गोठ्यात काम, वहिनींना भांडी धुण्याचं, राहायला खोली. इथं बसून तारेकडं काय बघत राहणार?"

माणसांबरोबर जनावरे जातात, हा जुना क्रम. या वेळी तो उलटा झाला. ट्रकमध्ये पुढच्या बाजूला तांबूला आडवे बांबू लावून बांधले होते. मागे उरलेल्या जागेत कडब्यावर माणसे बसली होती. निघताना नवऱ्याने दाराला लावायला कुलूप हातात घेतले तेव्हा सासू म्हणाली, "नुसती कडी घाल. कुलूप कशाला?" तिने सूप भिंतीला टेकवून ठेवले होते, चुलीतली राख काढून चूल सारवली होती, आणि पाण्याचा हंडा पालथा घातला होता. कामाला जाणारी बाई संध्याकाळच्या तयारीने घर सोडते, तसे.

वाटभर सासू उभीच होती. ट्रक वळणावर कलला की ती तांबूच्या मानेला धरी, आणि कोण कोणाला सावरत होते ते सांगणे कठीण होते.

*

डेअरी शहराच्या कडेला होती, म्हणजे शहर तिथपर्यंत येऊन थांबले होते आणि पुढे सरकायच्या विचारात होते. खोली पेंडीच्या कोठारावर होती. खाली पोती, वर माणसे. उसाच्या मळीचा आंबटगोड वास जिना चढून वर येई, केसांना चिकटे, भाकरीला लागे. एकुलत्या खिडकीतून रस्ता दिसे. त्यावरून वाहने अशी जात, की बारकी पहिल्या दिवशी बराच वेळ वाट बघत राहिली, आता शेवटची गाडी जाईल आणि रस्ता संपेल म्हणून.

तिथली भाषा वेगळी होती. बारकीने त्या भाषेतले जे पहिले शब्द उचलले त्यांचा अर्थ 'बाजूला हो' असा होता. शहर तिच्याशी मुख्यतः तेवढेच बोलत असे. थोरली कोपऱ्यावरच्या दुकानात जाई, वस्तूवर बोट ठेवी आणि हसे. हसण्याची गरज नसे, पण हसले नाही तर दुकानदार आधी इतरांना माल देई. घरी आल्यावर तिचे गाल दुखत.

गोठ्यात शिरण्यापूर्वी औषधी पाण्याच्या उथळ हौदातून जावे लागे. सासूला वाटले, हा काहीतरी मानाचा प्रकार आहे. तिने वहाणा काढून हातात घेतल्या आणि अनवाणी पायांनी पाण्यात उभी राहिली. टाचांच्या भेगांतून औषध आत गेले तेव्हा तिचे डोळे भरून आले, पण ती हलली नाही. दारावरचा रखवालदार हसता हसता वाकला.

"आत्याबाई, वहाणांसकट जायचं असतं," थोरलीने तिला हाताला धरून बाहेर काढले.

"मग आधी सांगायचं," सासू म्हणाली. "पाय धुवायला पाणी ठेवलंय म्हटल्यावर माणूस पायच धुणार ना?"

नवऱ्याला शेण ओढायचे काम मिळाले. रबरी पट्टी लावलेला लांब दांडा, सिमेंटची न संपणारी फरशी, आणि गमबूट, दोन्ही डाव्या पायाचे. उजवा आला की बदलून देतो, असे मुकादम म्हणाला होता. तो यायचा होता. नवरा संध्याकाळी जिना चढे तेव्हा त्याचा उजवा पाय अंगठ्यापाशी सोललेला असे. बारकी त्यावर फुंकर घाली आणि तो उगाच "हां, गेलं, गेलं" म्हणे. थोरली दुधाच्या नळ्या आणि कॅन धूत असे. सोड्याचे पाणी इतके कढत, की तिच्या बोटांची साल कांद्यासारखी निघू लागली. भाकरी थापताना पिठाला हात लागला की चरचरे. तेव्हा सासू काही न बोलता परात आपल्याकडे ओढून घेई.

मात्र सासू बोलेनाशी झाली होती. खोलीत तिला काम नव्हते, गोठ्यात तिचे नाव नव्हते. ती खिडकीशी बसे, ती रस्त्याकडे बघण्यासाठी नव्हे; तिथून गोठ्याचे पत्रे दिसत. जेवायला बसली की दोन घासांत उठे.

"आई, पोटात काही होतंय का?" नवरा विचारी.

"होतंय कुठं काय. काही होतच नाही," ती म्हणे.

*

तांबू व्यायली तेव्हा मुकादम धावत जिन्याखाली आला आणि वरच्या दिशेने ओरडला, "मावशी! तुमची गाय कोणाला जवळ येऊ देत नाही!"

सासू ज्या वेगाने जिना उतरली तो वेग थोरलीने लग्नानंतर प्रथमच पाहिला. तिने बाह्या सरसावल्या, तांबूच्या पाठीवरून हात फिरवला, आणि काहीतरी पुटपुटत राहिली. ते शब्द नव्हतेच, नुसती एक लय होती. कालवड झाली. आईसारखीच विटकरी. तांबूने तिला चाटून चाटून उभे केले.

दुसऱ्या दिवशी कालवडीला हातगाडीवर घालून भिंतीपलीकडच्या वासरांच्या शेडमध्ये नेले. तिथला रिवाजच तसा: वासरांनी बादलीतून पावडरीचे दूध प्यायचे, आणि गाईंनी आपले दूध यंत्राला द्यायचे. तांबूने यंत्राचे पेले लाथेने उडवले. पुन्हा लावले, पुन्हा उडवले. एक फुटला. मग मुकादम चरवी घेऊन सासूपुढे आला.

"मावशी, तुम्हीच बसा. कागदाबिगदाचं मी नंतर बघतो."

सासू बसली. चरवी गुडघ्यांत धरली, कपाळ तांबूच्या कुशीला टेकवले. भिंतीपलीकडे कालवड ओरडली, आणि तांबूने पान्हा सोडला. चरवीच्या तळावर पहिली धार वाजली तो आवाज नळ्या धुणाऱ्या थोरलीने एवढ्या यंत्रांच्या घरघरीतूनही ओळखला. तिचा हात क्षणभर पाण्यातच थांबला.

त्या दिवसापासून म्हातारी माणसांत आली. सकाळ-संध्याकाळ गोठ्यात जायचे म्हणून ती केस विंचरू लागली, बारकीला रागावू लागली, मुकादमाच्या चालीची नक्कल करून दाखवू लागली.

"आज आई म्हणाली, कालवणात मीठ कमी आहे," नवरा हळूच थोरलीला म्हणाला.

"मलाही म्हणाल्या. वर म्हणाल्या, तुझ्या माहेरी सगळंच अळणी."

"म्हणजे आली ठिकाणावर!"

दोघेही तोंड दाबून हसली. त्या खोलीत ती दोघे एकाच गोष्टीला हसली, असे प्रथमच घडत होते. त्या संध्याकाळी थोरलीने तेलाची वाटी घेतली आणि सासूच्या टाचांच्या भेगांत बोटाने तेल भरत बसली. सासूने पाय मागे घेतले नाहीत. उलट तिचेच हात ओढून घेतले, आणि उरलेले तेल सोललेल्या बोटांवर चोळले, एकेक पेर धरून, सडावरून हात उतरावा तसे.

*

पुढे एकदा सासूची दाढ ठणकू लागली, गाल सुजला, आणि संध्याकाळच्या धारेला थोरली गेली.

तांबूने तिला ओळखले. तीन सडे नीट मोकळी झाली. मग तिचा हात मागच्या डाव्या सडाकडे गेला आणि तिने तो चटकन मागे घेतला. कासेचा तो भाग उन्हात पडलेल्या धोंड्यासारखा होता, तसाच कठीण, तसाच तापलेला. तिने पुन्हा अलगद बोटे लावली. तांबूचे सगळे अंग शहारले. तिने पाय उचलला, पण लाथ मारली नाही. नुसता हवेत धरून ठेवला आणि पुन्हा खाली टेकवला. पिवळट पाणी आले, त्यात फाटलेल्या दुधाच्या गाठी.

थोरली चरवी देऊन खोलीत आली. नवरा अजून गोठ्यात होता. बारकी जिन्यात खेळत होती. सासू गालाला फडके बांधून भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"आत्याबाई, मागचं डावं सड तुम्ही पिळत नाही?"

सासूने गालावरचे फडके सारखे केले.

"ते आपलं नाही," सासू म्हणाली.

"मग कोणाचं?"

"तुला ठाऊक नाही? तीन घराची, चौथं वासराचं. तुझ्या हातात पहिल्यांदा चरवी दिली तेव्हा हेच सांगितलं होतं."

"सांगितलं होतं. पण तिथं धार झाली की वासरू सोडत होतो आपण. ते पिऊन घेत होतं. इथं वासरू कुठंय?"

"ओरडतंय की. तुला ऐकू येत नाही?"

"भिंतीपलीकडं आहे ते. त्याला बादलीतून पाजतात."

"पाजू देत. आणतील."

"कोणी आणणार नाही, आत्याबाई."

"तू जा बघू. माझी दाढ दुखतेय."

थोरली तिथेच उभी राहिली. हे सांगायला हवे होते, त्याच क्षणी, मुकादमाला, डेअरीच्या गुरांच्या डॉक्टरीणबाईंना. सांगितले असते तर कदाचित सड वाचलेही असते. पण सांगणे म्हणजे म्हातारीच्या गुडघ्यांतली चरवी काढून घेणे. आणि डेअरीतली गाय बिघडवली म्हणून खोली गेली, तर या शहरात चौघांनी पाठ टेकायला दुसरी जागा नव्हती. गावात घर होते, पण घराला खायला घालणारी जमीन तारेपलीकडे होती. तिने फडके उचलले, कढत पाण्याचे भांडे उचलले, आणि कोणाला न सांगता गोठ्यात परत गेली.

काही दिवस तिने असे शेकून पाहिले. त्या सडातले घाण पाणी ती गव्हाणीमागे भुशावर सोडी आणि वरून ओंजळभर भुसा पसरी. नवऱ्याने विचारले, तेव्हा म्हणाली, "तांबूच्या पायाला लागलंय, शेकते." तो गुडघ्यावर बसून प्रामाणिकपणे चारही पाय तपासून आला आणि म्हणाला, "बरं झालेलं दिसतंय." तिला रडू आले, पण तिने हसून मान हलवली.

*

सड डॉक्टरीणबाईंच्या हाताला लागले. त्या गोठ्यात फेरीला आल्या होत्या. त्यांनी कास चाचपली, काळ्या बशीत धार घेतली, आणि मुकादमाला आपल्या भाषेत काही सांगितले. मुकादमाचा चेहरा उतरला. "कासदाह," तो या तिघांना म्हणाला. "सड गेलं. आता त्यातून दूध नाही. कधीच नाही. दूध आतच साचत राहिलं, म्हणतात. हे एका दिवसाचं काम नाही."

दुपारी डेअरीच्या साहेबांनी सगळ्यांना गोठ्यातूनच बोलावून घेतले. त्यांची खोली गार होती. फरशी खराब होऊ नये म्हणून दारापासून टेबलापर्यंत जुनी वर्तमानपत्रे पसरली होती, आणि कुटुंबाने त्यांवरच उभे राहायचे होते. नवऱ्याने दोन डावे गमबूट बाहेर काढून ठेवले होते. बारकी आईच्या पदराआड होती. डॉक्टरीणबाई खिडकीशी बसल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दमणूक होती.

साहेब बोलले, मुकादमाने सांगितले: "ज्यानं केलं त्यानं कबूल करावं. बाकीचे राहतील. कोणीच बोललं नाही तर संध्याकाळी खोली रिकामी करायची. सगळ्यांनी."

"मी," थोरली म्हणाली. "धार मी काढत होते. मला नीट जमलं नाही."

"ती नाही," नवरा म्हणाला. "पटावर नाव माझं आहे. मीच बघायला हवं होतं. माझंच धरा."

"तुम्ही गप्प बसा हो."

"तू गप्प बस."

"अहो, कोणीतरी एकानं बोला!" मुकादम कळवळून म्हणाला. "गुन्हा एक आणि गुन्हेगार दोन, हे मी साहेबांना कोणत्या तोंडानं सांगू?"

तेव्हा सासू वर्तमानपत्रावरून खाली उतरली. उघड्या फरशीवर तिची पावले उमटली, औषधी पाण्याची, ओली. साहेबांनी ती पाहिली आणि काही म्हणावे म्हणून तोंड उघडले, पण ती बोलू लागली होती. साहेबांकडे तिने पाहिले नाही, मुकादमाकडेही नाही. ती थोरलीकडे बघत बोलत होती, आणि थोरलीला तिचा हात धरून तिला थांबवावेसे वाटत होते, आणि थांबवूही नयेसे वाटत होते. बोलून झाल्यावर तिने पदराने तोंड पुसले. 

मुकादमाने खाली पाहिले. तोही कधीतरी असाच इथे आला होता. मग त्याने ते सगळे बोलणे साहेबांना त्यांच्या भाषेत तीन शब्दांत सांगितले: चूक झाली म्हणते. साहेबांना तेवढे पुरले. डॉक्टरीणबाईंनी मुकादमाकडे वळून पाहिले, कारण एवढ्या लांबलचक बोलण्याचे एवढेसे भाषांतर त्यांना खटकले असावे. पण त्यांनी विचारले नाही. मुलगा आणि सून कामावर राहतील, खोली राहील, म्हातारीने गोठ्यात पाऊल टाकायचे नाही, असा निकाल झाला. जिचे नाव पटावर नव्हतेच, तिला याहून दुसरी शिक्षा देता येत नव्हती. आणि तिला याहून मोठी शिक्षा नव्हती, हे त्या खोलीत घरच्या तिघांनाच ठाऊक होते. थोरलीने पुढे होऊन सासूचा हात आपल्या सोललेल्या हातात घेतला तो जिन्यावर पोचेपर्यंत सोडला नाही.

व्यवस्थापनाने नंतर निष्काळजीपणा लिहिला तो त्या तीन शब्दांवरून. सासू जे बोलली ते असे होते:

"चौथं सड मी सोडलं. सुनेचा, लेकाचा यात हात नाही. आधी वाटलं, आज नाही तर उद्या वासरू आणतील. मग कळलं, इथं आणत नसतात. तेही मला लवकरच कळलं होतं, मी काही एवढी खुळी नाही. गाईला ठणकत होतं तेही माझ्या हाताला कळत होतं. ती मान वळवून माझ्याकडं बघायची, आणि मी नजर चुकवायचे. तरी सोडत राहिले. तेवढं एक सड पिळलं असतं ना, की मग आपण इथलेच झालो असतो. ते मला होऊ द्यायचं नव्हतं. त्यापायी मी मुक्या जनावराला दुखवलं."